ऊन दिलेले अंक

माझ्या डोक्यावर आई चालत होती.

म्हणजे गच्चीवर. बाळंतिणीची खोली म्हणून तिनं मला दिलेली खोली बरोबर गच्चीच्या खाली होती, आणि पोटाचे टाके अजून ओले असल्यामुळं मी दिवसभर छताकडं बघत पडलेली असायची. पंख्याच्या वरून तिची पावलं जायची, थांबायची, मग काहीतरी ठेवल्याचा टक्कन आवाज. पुन्हा दोन पावलं, पुन्हा टक्. सोलापूरचा मे महिना. या दिवसांत आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. शेवया, कुरडया, तूरडाळ, मिरच्या, गाद्या, वाकळा, वडिलांची म्हणजे अप्पांची पुस्तकं, सगळ्यांना ऊन दाखवून झालं की आई पावसाळ्याला मोकळी. मला वाटलं, सांडगे असतील.

रेवा अंगावर पीत होती. पीत कमी, झोपत जास्त. तिची हनुवटी हलायची थांबली की मी कानाची पाळी चोळायची, मग ती नाइलाजानं दोन घोट घ्यायची.

बाहेरच्या लोखंडी जिन्यावरून आई उतरली. चेहरा लालबुंद, डोक्यावर ओला पंचा.

“काय घातलंयस गं वर एवढं? सारखी टक्‌टक्.”

“गोटे ठेवत होते. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून.”

“काय उडू नये?”

“तुझे कागद.” तिनं पंच्यानं मान पुसली. “त्या गुमास्ते काकांच्या पेटीतले. तू दवाखान्यात होतीस ना, तेव्हापासून रोज घालतीय. खोली धुवायला पेटी सरकवली, तर आत ही एवढी कसर. चांदीसारखी चमचम करत पळाली की गं! म्हटलं, पोरगी जीव टाकते या कागदांवर, आणि कसर खाऊन बसायची. सगळ्या टाचण्या काढल्या, गंजल्या होत्या. एकेक पान सुटं केलं, मिरच्यांपासून लांब, पांढऱ्या चादरीवर. दुपारी उलटवते, परत सुलटवते, रात्री गुंडाळून माझ्या खोलीत ठेवते. कडक ऊन दिलंय बघ. आता वर्षभर चिंता नाही.”

मी रेवाला तशीच धरून उठायला गेले. पोटातून कुणीतरी सुरी ओढल्यासारखं झालं आणि मी पुन्हा उशीवर पडले. रेवा दचकून रडायला लागली.

“अगं ये, वेडी का काय! टाके उसवायचेत का?”

“आई, ते खाली आण. आत्ता.”

“आणते की. फरशी कसली तापलीय, चपलेतनं पाय भाजतात. उन्हं कलली की आणते. काका पण संध्याकाळीच येणार आहेत ना?”

“वरून फडकं घालतेस ना त्यांच्यावर?”

“फडकं कशाला? ते कुरडयांवर घालतात, कावळे येतात म्हणून. कागद कोण खातंय?” ती हसली. “पेटीवर काकांनी लिहून ठेवलंय की मोठ्या अक्षरात, ओल लागू देऊ नये. तू अशी पडलेली. म्हटलं, तुझं एवढं काम तरी माझ्या हातून नीट व्हावं.”

मी रेवाला पुन्हा अंगावर घेतलं.

ते कागद काय होते ते सांगते. चित्रकथा आणि अद्भुत कथांची चित्रं काढणाऱ्या चित्रकारांवर त्यांचे चाहते स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या हातानं छोटे अंक काढायचे. फॅनझिन म्हणतात त्यांना. कुणी सायक्लोस्टाइल करून, कुणी कार्बन लावून, कुणी नुसतेच हातानं लिहून. अशा अंकांना ना छापील किंमत असते, ना ते कुठल्या वाचनालयात असतात. काढणारा म्हातारा झाला की सुना ते रद्दीत घालतात, इतकाच त्यांचा इतिहास. मी ते गोळा करायची. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, नवऱ्याच्या स्कूटरवर मागं पेट्या बांधून. स्कॅन करायचे, नोंद करायची, मऊ कागदात गुंडाळून खोक्यात ठेवायचे. प्रसन्न म्हणायचा, “बाकीच्या बायका साड्यांना डांबरगोळ्या घालतात, माझी बायको राक्षसांना घालते.”

माझा एक नियम होता. आधी स्कॅन, मग वाचन. जुनं पान जितक्या वेळा उलटावं तितकं ते मरतं, आणि वाचायला बसलं की माणूस मागं जातो, पुढं येतो, पुन्हा मागं जातो. एकदा माझ्या हातातच एका अंकाचा भुगा झाला होता. तेव्हापासून कितीही मोह झाला तरी स्कॅन होईपर्यंत पान उघडायचं नाही.

आणि ‘चौकट’चा मोह तर फार मोठा होता.

‘चौकट’ काढायचे मनोहर गुमास्ते. गिरणीच्या ऑफिसात कारकून. सगळा अंक एकाच चित्रकारावर वाहिलेला, यशवंत कामतीकरांवर. कामतीकर एका बाल-साप्ताहिकात ‘चांदणवेल’ नावाची चित्रकथा काढायचे. नावाड्याची पोर काजल, तिच्या आईला एक राक्षस दिव्याची ज्योत करून पळवतो. काजल चांदण्याच्या वेलावरून वर चढते, सात आभाळं ओलांडते आणि राक्षसाच्या महालात पोचते. तिथं शंभर दिवे जळत असतात. सगळे अगदी सारखे. राक्षस म्हणतो, ओळख तुझी आई. चुकलीस तर सगळे विझवीन.

आणि इथं साप्ताहिक बंद पडलं.

पोरं वर्षानुवर्षं त्या दिव्यांपुढं उभी राहिली. माझा मामा त्यातला एक. आम्हा भाचरांना तो ही गोष्ट तिथपर्यंत सांगायचा आणि म्हणायचा, “पुढचं कुणालाच माहीत नाही.” मी रडायची. आई त्याला ओरडायची, कशाला लेकरांना अर्धवट गोष्टी सांगतोस म्हणून.

पण पुढचं होतं. कामतीकरांनी शेवट काढला होता, छापायला कुणी नाही म्हणून गुमास्त्यांच्या ‘चौकट’साठी, चार पानं, त्यांच्या घरी बसून. ‘चौकट’ छापला जायचा जिलेटिनच्या लादीवर. परातीत जिलेटिन घट्ट करायचं, जांभळ्या शाईनं काढलेलं मूळ पान त्यावर दाबायचं, मग कोरे कागद एकेक करून त्या लादीवर ठेवून उचलायचे. प्रत्येक कागदाबरोबर शाई फिकी होत जाते. तीसचाळीस प्रती निघाल्या की लादी संपली आणि मूळ पानही संपलं. “आमचा छापखाना म्हणजे बायकोची परात,” काका सांगायचे. “ती ओरडायची, मी भाकरीचं पीठ काय तुमच्या टाळूवर मळू?”

बाकीच्या प्रती कुठं गेल्या, कुणालाच माहीत नव्हतं. काकांकडची ही एक जुडी उरली होती. काकू गेल्या, मुलगा त्यांना कायमचं हैदराबादला नेणार होता. मी आठव्या महिन्यात माहेरी आले तेव्हा त्यांनी पेटी माझ्या हवाली केली. स्कॅनर पुण्याला, प्रसन्न तो बाळंतपणाला येताना आणणार होता. बाळंतपणच अलीकडं आलं, रात्रीत धावपळ झाली, आणि प्रसन्न आला तो स्कॅनर न घेताच, नुसता धावत.

पेटी काळ्या कापडात गुंडाळून पलंगाखाली होती. ती जांभळी शाई ओलीला भिते, पण त्याहून कितीतरी जास्त उजेडाला भिते. खिडकीपाशी महिनाभर ठेवली तरी उडते. इथं तर सोलापूरचं ऊन होतं. वर आईची निगा होती, उलटवून सुलटवून.

ती सगळी दुपार मी रेवाला पाजत, थोपटत, छताकडं बघत काढली. घरात दुसरं कुणी नव्हतं. अप्पा जाऊन तीन वर्षं झालेली, प्रसन्न पुण्याला परत गेलेला, उद्या बारशाला येणार. हाक मारून गच्चीवर पाठवावं असं कोणी नाही. मनाशी काय काय ठरवत होते. एकावर एक ठेवले असतील, मग खालचे वाचतील. शेवटचा अंक शेवटी काढला असेल. शाई चांगल्या प्रतीची असेल. आई स्वयंपाकघरात बारशाच्या घुगऱ्यांचे हरभरे निवडत होती आणि माझ्यासाठी डिंकाचा लाडू घेऊन येत होती. “खा. दूध यायला पाहिजे.” मी खाल्ला. चव कशाचीच नव्हती.

उन्हं कलल्यावर ती वर गेली. गोटे उचलल्याचे आवाज येत राहिले. मग दोन्ही हातांवर आडवी जुडी घेऊन, शेवयांची घडी आणावी तशी जपून, ती दारात उभी राहिली.

“घे. पापडासारखे कडकडीत झालेत बघ.”

मी सर्वांत वरचं पान उचललं. कोरं होतं.

दुसरं उचललं. कोरं. अगदीच कोरं नव्हतं. चारी कोपऱ्यांत, जिथं गोटे ठेवले होते तिथं, रुपयापेक्षा थोडे मोठे जांभळे ठिपके राहिले होते. एका ठिपक्यात अर्धं शिंग. एकात ‘ली’ एवढंच अक्षर. एकात बोटांची टोकं. मधलं सगळं आभाळ पुसलं गेलं होतं.

“काय गं? चांगले झालेत ना?”

मी आईकडं बघितलं. ती खरंच विचारत होती. पान तिच्या हातात होतं, ती ते बघत होती आणि तिला काही वेगळं दिसत नव्हतं. तेव्हा मला ते नीट कळलं. तिचे दोन्ही मोतीबिंदू पिकले होते. ऑपरेशनची तारीख एप्रिलची ठरली होती, “आधी तुझं होऊ दे, मग माझं” म्हणून तिनंच पुढं ढकलली होती. मागच्याच आठवड्यात माझ्या जांभळ्या गाऊनला तिनं राखाडी दोरा लावला होता आणि “जुळला की अगदी” म्हणाली होती.

“आई, तुला यावर काय दिसतं?”

“मला मेलीला काय दिसणार? पहिल्यापासून फिकटच आहेत ते. पेन्सिलीनं लिहिल्यासारखे.” ती जवळ आली, माझा चेहरा बघायला. “का? काही बिघडलं का माझ्या हातून?”

रेवा माझ्या दंडावर झोपली होती, ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब. आईचे तळवे भाजून लाल झाले होते. दुपारच्या वेळी गोटे उचलायचे म्हणजे निखारेच.

“नाही,” मी म्हणाले. “छान झालेत.”

“बघ, म्हटलं नव्हतं!”

काका दिवे लागायच्या आधी आले. पांढरा शर्ट, इस्त्रीचा, हातात बाळाचं झबलं. सुनेनं पसंत केलेलं असावं, कारण ते स्वतः ते झबलं एखाद्या परीक्षेच्या पेपरासारखं धरून उभे होते. आईनं त्यांना खोलीच्या दारातच खुर्ची दिली.

“नाव काय ठेवताय?”

“रेवा,” मी म्हणाले.

“वा. नाकी डोळी कामतीकरांच्या पऱ्यांसारखी आहे. फक्त केस कमी.”

“येतील की केस,” आई म्हणाली. “तुमचे गेलेत तेवढे हिला येतील.”

काका मोठ्यानं हसले, मग बाळ झोपलंय हे आठवून तोंडावर हात ठेवला. “उद्या गाडी आहे माझी. बारशाला थांबता येत नाही. म्हटलं, एकदा अंक डोळ्यांखालून घालावेत. हैदराबादला माझ्या खोलीला खिडकीच नाही म्हणे. तिथं बसून आठवत बसायला काहीतरी पाहिजे ना.”

“देते की,” आई उत्साहानं उठली. “अहो, ऊन देऊन ठेवलेत तुमचे कागद. कसर लागली होती.”

मी म्हणाले, “काका, नंतर...” पण आईनं जुडी त्यांच्या मांडीवर ठेवलीसुद्धा.

काकांनी खिशातून चष्मा काढला. पुसला. लावला. वरचं पान डोळ्यांजवळ नेलं. मग दुसरं, मग तिसरं. त्यांचे हात घाईनं नाही, उलट फार सावकाश चालत होते, झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तसे. सगळी जुडी संपली तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

मी आईकडं डोळे केले, आणि मान हलवली. नको.

“काय ओ काका, नीट आहेत ना? मला नीट दिसत नाही, मोतीबिंदू आहे. ऑपरेशन लांबलं या बाळापायी.” आई पायाशी सतरंजीवर बसली, पदरानं वारा घेत. “आता वाचून तरी दाखवा की. एवढं ऊन खाल्लं मी त्या कागदांसाठी, आत काय आहे ते कळू दे. माझा भाऊ सांगायचा ती गोष्ट, दिव्यांची. अर्धीच.”

पंखा फिरत होता, त्यांच्या मांडीवरचे कोरे कागद फडफडत होते. त्यांनी तळहातानं दाबून धरले.

“वहिनी,” ते म्हणाले, “ओल अजिबात राहिलेली नाही. फार काळजी घेतलीत.”

“मग! रोज उलटवत होते.”

“हो. दिसतंय.” त्यांनी शेवटची चार पानं वेगळी केली. कोपऱ्यातल्या ठिपक्यांवरून ओळखली असावीत. घसा साफ केला आणि पहिलं पान समोर धरलं.

“हे पहिलं चित्र. महाल. खांब म्हणजे माणसांचे हात, कोपरापासून वर. कामतीकरांनी माझेच हात बघून काढले होते. मला दोन तास हात वर करून उभं केलं होतं, चहा आला तरी खाली घेऊ देईनात. बायको म्हणाली, निदान बशीनं पाजू का यांना?”

“आणि राक्षस?”

“राक्षस इथं, उजवीकडं. झोपाळ्यावर. गंमत म्हणजे त्याच्या पायात चपला आहेत. मी म्हटलं, यशवंतराव, राक्षस आणि चपला? तर म्हणाले, फरशी गार असते हो महालाची.”

“खरं आहे,” आई म्हणाली.

काका पानामागून पान सांगत गेले. शंभर दिवे, ओळीनं, काही समईत, काही पणतीत, एक तर नारळाच्या करवंटीत. काजल परकराला गाठ मारून उभी. ती दिव्यांना हाका मारते, कुणी बोलत नाही, ज्योतींना तोंड कुठलं? ती आईचं गाणं म्हणते, तर शंभरच्या शंभर दिवे हलतात. “कारण ते सगळेच कुणाच्या तरी आया आहेत,” काका म्हणाले. “प्रत्येकीला वाटतं, माझंच लेकरू आलं.”

आईनं पदर डोळ्यांना लावला. “मेला राक्षस. दुसरं काही काम नव्हतं त्याला?”

माझ्याही नकळत मी कोपरावर उठले होते. लहानपणापासून मी ज्या दाराशी थांबले होते ते दार एक म्हातारा कोऱ्या कागदावर बोट फिरवत उघडत होता. कागद गेले तर गेले, मला वाटलं, गोष्ट तर आहे.

त्यांनी चौथं पान उचललं.

“काजल पुढं होते,” काका म्हणाले. “दिव्यांमधून चालते. एकेका ज्योतीपाशी हात नेते. आणि मग...”

ते थांबले. पान थोडं लांब धरलं, मग जवळ. मग उलटं करून पाठ बघितली. खिडकीच्या उरलेल्या उजेडाकडं वळवलं.

“काजल त्या शंभर दिव्यांपुढं उभी...”

“ते सांगितलंत की ओ,” आई म्हणाली.

“हो. सांगितलं.”

काकांच्या कपाळाच्या मधोमध एक शीर उभी राहिली होती. राक्षसाच्या चपला आठवत होत्या, बायकोची बशी आठवत होती, हे मात्र येत नव्हतं. बोट कोऱ्या पानावर एकाच जागी फिरत होतं. मला वाटलं काहीतरी बोलावं, मदत करावी. पण माझ्याकडं होतं काय? मी तर पाहिलंच नव्हतं. नियम होता माझा.

रेवाला उचकी लागली.

“त्यात काय एवढं अवघड आहे?” आई म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडं बघितलं.

“बाकीचे दिवे पोरीकडं झुकले असतील, हात जवळ आला म्हटल्यावर. प्रत्येकीला वाटतंय ना, आपलं लेकरू. आई तेवढी मागं सरली असेल.”

“मागं?” काकांनी विचारलं.

“लेकराचा हात भाजेल की ओ.” तिनं हे अशा सुरात सांगितलं की जणू भाकरी कुठल्या बाजूनं आधी शेकतात हे कुणी विचारलं होतं. “असंच आहे ना त्यात?”

काकांनी पान मांडीवर ठेवलं आणि चष्मा काढला.

“वहिनी, तुम्ही हे आधी वाचलं होतं का?”

“मी कुठलं वाचतेय? शाळा सुटली ती चूल धरली.”

“मग बरोबर सांगितलंत,” ते म्हणाले. “असंच आहे.”

त्यांनी पानं जुळवली, कडा सारख्या केल्या, पेटीत ठेवली. झाकण लावताना त्यांचा अंगठा त्यांच्याच जुन्या अक्षरांवरून फिरला. ओल लागू देऊ नये. तिथं तो जरासा थांबला. मग त्यांनी पेटी माझ्या पलंगाखाली स्वतः सरकवली, वाकून, आणि ते काळं कापड वरून नीट घातलं.

“सांभाळ,” मला म्हणाले.

“काका, थांबा ना. मला विचारायचंय...”

“शू,” आई म्हणाली. “तिचा डोळा लागतोय.”

रेवानं छातीशी तोंड घुसळलं होतं. मला हलता येत नव्हतं. आई त्यांना सोडायला दारापर्यंत गेली. बाहेर चपला सापडत नाहीत म्हणून काहीतरी बोलणं झालं, आई हसली, मग फाटकाची कडी वाजली. मी पडल्या पडल्या ऐकत होते.

पुण्याला परतल्यावर मी ती सगळी पानं स्कॅन केली. एकेक पांढरं पान, चार जांभळे ठिपके. प्रसन्न मागं उभा राहून बघत होता. नोंदीत ‘स्थिती’ असा एक रकाना असतो. तिथं काय लिहावं ते सुचेना. शेवटी ‘पुसट’ लिहिलं. शेवटचं पान झालं तेव्हा लक्षात आलं, माझ्या नियमाप्रमाणं आता वाचायला हरकत नव्हती.

चौथ्या पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक ठिपका आहे. स्क्रीनवर मोठा करून मी तो कितीदा पाहिला असेल. आत एक निमुळतं टोक आहे. ज्योत आहे की काजलच्या वेणीचा शेवट, सांगता येत नाही. पण जे काही आहे ते पानाच्या कडेकडं, बाहेरच्या बाजूला कललेलं आहे.

काकांना फोन केला. तब्येतीचं बोलून झाल्यावर विचारलंच, “काका, तो शेवट...”

“तुझ्या आईनं सांगितला की.”

“पण तुम्हाला तो आठवत होता का?”

पलीकडं टीव्ही चालू होता. तेलुगू बातम्या.

“सोलापुरात ऊन कमी झालं का गं?” ते म्हणाले.

पुढं पुढं फोन मुलगा उचलायला लागला. बाबांना आता माणसं नीट ओळखू येत नाहीत, म्हणाला. एकदा आपल्याच बायकोच्या फोटोसमोर उभे राहून, ह्या कोण, असं विचारलं म्हणे.

आईचं ऑपरेशन दिवाळीच्या सुमारास झालं. पट्टी सुटल्या दिवशी तिचा फोन आला. आवाज लहान मुलीसारखा.

“अगं गिरिजे, वांगी कसली जांभळी असतात गं! मी तर विसरलेच होते. आणि तो तुझा गाऊन, त्याला मी कुठला दोरा लावलाय? भुताचा?” हसून हसून तिला ठसका लागला. “आता ते काकांचे अंक आण येताना. माझ्या डोळ्यांनी बघते. ते पण जांभळेच ना?”

“हो,” मी म्हणाले. “आणते.”

त्या खेपेला मी विसरले म्हणाले. पुढच्या खेपेला पेटी जड आहे म्हणाले. मग म्हणाले, एका संग्रहालयाला बघायला दिलेत. प्रत्येक वेळी ती “बरं” म्हणायची आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायची. मग केव्हातरी तिनं विचारणं सोडलं. का, ते मला कळलं नाही. धाकट्या मुलाच्या बाळंतपणाला ती पुण्याला येऊन राहिली होती. पेट्या ज्या कपाटात असतात ते माझ्या पलंगाच्या समोरच आहे. मी पडलेली असायची, ती घरभर फिरायची.

या मे महिन्यात दोन्ही पोरांना घेऊन सोलापूरला गेले होते. रेवाला आजीची दिव्यांची गोष्ट पाठ आहे; “आई मागं सरते” हे ती आजीच्या आधी म्हणते. संध्याकाळी मी आईबरोबर गच्चीवर वाळवणं आवरायला गेले. शेवया होत्या, डाळ होती, मिरच्या, गाद्या, धाकट्याची दुपटी. एका कोपऱ्यात ते गुळगुळीत गोटे रचून ठेवलेले. अप्पांची पुस्तकं मात्र कुठं दिसेनात. दरवर्षी ती घालते, पोथ्या, पंचांगं, आमच्या शाळेची जुनी पुस्तकंसुद्धा.

“पुस्तकांना ऊन नाही दाखवलंस या वर्षी?”

आईनं चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली, दोन स्वतः धरली. आम्ही चादर झटकली. ती जवळ आली, माझ्या हातातली टोकं घेतली, घडी घातली.

“नाही,” ती म्हणाली. “सावलीतच बरी असतात ती.”